मानमोडीतून वाचलेला कोंबडा

"गावरान कोंबडीले काई होत नाई, माय. लस बॉयलरवाल्यांले द्या." मेहकर तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून फिरताना हे मी दारोदार ऐकते. सांगणाऱ्या बहुतेक म्हाताऱ्या बायका असतात. त्यांनी जन्मभर कोंबड्या पाळलेल्या असतात आणि माझ्यापेक्षा त्यांना कोंबडी जास्त कळते. तरीही हे वाक्य चुकीचं आहे. ते पुरतं खोटंही नाही, आणि त्यातला खरा भाग कोणता तेच मला इथे सांगायचं आहे. तो भाग नीट कळला नाही, तर आपण लसही टाळू आणि आपल्या कोंबड्यांच्या रक्तात जे आहे तेही घालवून बसू.

माझं घर हिवरा आश्रमला. बाहेरच्या लोकांना हे गाव माहीत आहे ते शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळे आणि विवेकानंद जयंतीच्या महापंगतीमुळे. लाखभराहून जास्त माणसं शेतात ओळीनं बसतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते. उत्सव सरतो, थंडी ओसरते, ऊन चढायला लागतं आणि माझं कोंबड्यांचं काम सुरू होतं. मानमोडी हा कोंबड्यांचा रोग आमच्याकडे येतो तो बहुधा याच दिवसांत.

मानमोडीच्या लसीची कुपी शंभर मात्रांची असते. एकदा पाणी घालून कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते आणि घरटी कोंबड्या पाच-सात. म्हणून आदल्या संध्याकाळी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवायचं, उद्या डालगं उघडू नका. दिवस उगवायच्या आत थर्मासात बर्फ घालून निघायचं. घरातलं कोणीतरी डालग्यात हात घालून एकेक कोंबडी बाहेर काढतं, दोन्ही पंख मागे धरतं आणि मी पंखाखालच्या सैल कातडीत अर्धा मिली आर-टू-बी टोचते. ही मात्रा दोन महिन्यांवरच्या पाखराला. पिल्लांना वेगळी, सौम्य लस असते, तिचा थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकायचा. एकदा का कोंबड्या उकिरड्यावर सुटल्या की तो दिवस गेला.

मानमोडी म्हणजे राणीखेत. 1926 मध्ये हा रोग जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला ओळखला गेला. पाठोपाठ तो कुमाऊंतल्या राणीखेतला सापडला आणि आपल्या देशात त्याला तेच नाव चिकटलं. 1940 च्या दशकात तिथून जवळच असलेल्या मुक्तेश्वरच्या संस्थेत त्यावर लस तयार झाली. आज मी टोचते ती त्याच घराण्यातली. रोग आला की कोंबडी पंख सोडून बसते, चोच वासून श्वास घेते, हिरवट-पांढरं हगते आणि जगलीच दोन-चार दिवस, तर तिची मान पिळवटून पाठीकडे जाते. लस न दिलेल्या गल्लीत हे एकदा शिरलं की आठवड्याभरात डालगी रिकामी होतात. गावरान असो, बॉयलर असो, हा विषाणू भेद करत नाही.

पण सगळ्याच मरत नाहीत. कुठे एक कोंबडा, कुठे दोन तलंगा उरतात आणि म्हणूनच ते वाक्य टिकून आहे. उरलेल्यांकडे बघून लोक म्हणतात, बघा, काटक आहे. मला तेव्हा तीन शक्यता दिसतात. एक, विषाणू त्या पाखरापर्यंत पोचलाच नाही. दोन, त्याच्या अंगात आधीच प्रतिकारशक्ती होती. मागे सौम्य लागण होऊन गेली असेल, किंवा लहान पिल्लू असेल तर आईच्या अंड्यातून अँटिबॉडी मिळाल्या असतील. तीन, त्याची जनुकंच वेगळी. नुसतं बघून यातलं काय खरं ते मलाच काय, कोणालाच सांगता येत नाही. पण तिसरी शक्यता खरी असू शकते आणि कोंबडीच्या बाबतीत ती कशी घडते ते शास्त्रज्ञांनी खूप खोलात जाऊन शोधलं आहे.

या शोधाची सुरुवात रक्तगटापासून झाली. माणसांचे असतात तसे कोंबड्यांचेही रक्तगट असतात. 1950 मध्ये अमेरिकेत एलवूड ब्राइल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या एका गटाला बी असं नाव दिलं. पुढे कळलं की हा नुसता रक्तगट नाही, प्रतिकारशक्तीची सगळ्यात महत्त्वाची जनुकं इथेच एकत्र बसली आहेत. शरीरातली प्रत्येक पेशी आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे आपल्या पृष्ठभागावर आणून ठेवते, घरात काय शिजतंय ते दारात मांडून दाखवावं तसं. प्रतिकारशक्तीच्या टी पेशी दारोदार फिरून ते तपासतात. विषाणूचा तुकडा दिसला की ती पेशी मारली जाते आणि तिच्यातला विषाणू वाढायचा थांबतो. हे तुकडे धरून ठेवणारा रेणू कसा असावा, हे बी गटातली जनुकं ठरवतात. त्या रेणूच्या खाचेत विषाणूचा तुकडा बसलाच नाही, तर टी पेशीला काही दिसतच नाही.

माणसात ही जबाबदारी मुख्यतः तीन जनुकांवर असते. प्रत्येकाच्या दोन प्रती, एक आईची, एक वडिलांची. एक चुकलं तरी दुसरं सावरतं. कोंबडीत अशी जनुकं दोन आहेत, पण त्यातलं एकच जोरात काम करतं. जिम कॉफमन आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये या भागाची पूर्ण अक्षरमाळ प्रसिद्ध केली. माणसात हा प्रदेश सुमारे चाळीस लाख अक्षरांचा, कोंबडीत त्याचा गाभा जेमतेम 92 हजार अक्षरांचा आणि त्यात 19 जनुकं. इतक्या आटोपशीर मांडणीचा परिणाम असा की कोंबडीला त्या एका जनुकाचं कोणतं रूप मिळालं यावर एखाद्या रोगात तिचं जगणं-मरणं ठरू शकतं. माणसात इतका सरळ संबंध क्वचितच दिसतो.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मरेक रोगाचं. हंगेरीतले पशुवैद्य योझेफ मरेक यांनी 1907 मध्ये पाय लुळे पडलेल्या कोंबड्यांचं वर्णन केलं. एक पाय पुढे, एक मागे टाकून कोंबडी पडून राहते आणि पोटात गाठी होतात. तो नागीण-कांजिण्यांच्या विषाणूच्या कुळातला एक विषाणू असून त्यानं कर्करोग होतो. 1960 च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात रँडल कोल यांनी एकाच मूळ कळपातून दोन घराणी निवडत नेली, एक तगणारं आणि एक बळी पडणारं. थोड्याच पिढ्यांत दोघांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडला. रक्त तपासलं, तेव्हा तगणाऱ्यांत बी-21 हे रूप सापडलं आणि मरणाऱ्यांत बी-19. बी-21 च्या रेणूची खाच सैल असते, तिच्यात नाना प्रकारचे तुकडे बसतात. बी-19 निवडक आहे, थोडेच प्रकार धरतं.

इथेच थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. बी-21 शोधा, वाढवा, झालं. पण अमेरिकेतच ईस्ट लान्सिंगच्या प्रयोगशाळेत लाइन 6 आणि लाइन 7 अशी दोन घराणी आहेत. दोघांचा बी गट एकच, बी-2. तरीही लाइन 6 मरेकला दाद देत नाही आणि लाइन 7 पटापट मरते. म्हणजे बी गटाच्या बाहेरही बरीच जनुकं आहेत आणि प्रत्येकाचा थोडाथोडा हातभार लागतो. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण एका जनुकाच्या जोरावर पिल्लं खपवणाऱ्यांना ते परस्पर उत्तर देतं.

प्रतिकारशक्तीची दुसरी बाजू अँटिबॉडीची. तिची जागा मला कोणालाही दाखवायला आवडतं. दीड-दोन महिन्यांचं मेलेलं पिल्लू उघडलं की शेपटीखाली, विष्ठेच्या वाटेच्या अगदी वर, आतड्याला चिकटलेली एक फिकट गोल पिशवी दिसते, बोटाच्या पेराएवढी. कापली तर आत घड्या असतात. मोठ्या कोंबडीत शोधायला जाल तर सापडणार नाही, वयाबरोबर ती विरून जाते. फॅब्रिशियस या इटालियन शरीरशास्त्रज्ञानं चारशे वर्षांपूर्वी तिची नोंद केली आणि ती कशासाठी आहे हे त्यानंतर साडेतीनशे वर्षं कोणाला कळलं नाही. 1950 च्या दशकात ओहायोत ब्रूस ग्लिक हा विद्यार्थी पिल्लांची ही पिशवी काढून बघत होता. त्याच्या मित्राला, टिमोथी चँगला, वर्गात अँटिबॉडीचं प्रात्यक्षिक दाखवायला कोंबड्या हव्या होत्या. ग्लिकच्या कोंबड्या त्यानं उसन्या नेल्या, टोचल्या, आणि पिशवी काढलेल्या कोंबड्यांत अँटिबॉडी तयारच झाल्या नाहीत. तो लेख 1956 मध्ये पोल्ट्रीच्या एका नियतकालिकात छापला गेला. आज माणसाच्या रक्ताच्या अहवालात बी पेशी वाचतो, त्यातला बी या पिशवीच्या इंग्रजी नावाचा आहे.

कोंबडीकडे अँटिबॉडी घडवायला कामाची जनुकं अगदी मोजकी असतात. पण शेजारी मोडकी, निकामी जनुकं बरीच पडलेली असतात. पिशवीतली प्रत्येक बी पेशी त्यातले तुकडे उचलून आपल्या जनुकात बसवते आणि लाखो तऱ्हेच्या अँटिबॉडी तयार होतात. हे काम अंड्यात असल्यापासून पहिल्या काही आठवड्यांत उरकतं. म्हणून गंबोरो हा रोग इतका वाईट. त्याचा विषाणू नेमका याच पिशवीवर तुटून पडतो, तेही तीन ते सहा आठवड्यांच्या वयात. पिल्लू जगलं तरी पुढे मानमोडीची लस त्याला नीट लागत नाही. लोक म्हणतात, लस देऊनही मेल्या, लसच खोटी. कधीकधी लस खरी असते, पिशवी आधीच गेलेली असते.

आता काटकपणाच्या किमतीबद्दल. अमेरिकेत 1957 च्या मांसल कोंबड्यांचं एक घराणं जसंच्या तसं जपून ठेवलं आहे. 2001 च्या बॉयलरशी त्याची तुलना झाली. बेचाळीस दिवसांत जुनं पाखरू जुन्या खाद्यावर 539 ग्रॅम भरलं, नवं पाखरू नव्या खाद्यावर 2,672 ग्रॅम. आणि दोघांना परकं रक्त टोचून अँटिबॉडी मोजल्या, तर जुन्या पाखरात त्या जास्त निघाल्या. व्हर्जिनियात पॉल सीगल यांनी उलट्या बाजूनं निवड केली. जास्त अँटिबॉडी करणाऱ्या कोंबड्या पिढ्यान् पिढ्या निवडत नेल्या, तर त्यांचं वजन कमी होत गेलं. खाल्लेलं दाणापाणी मांसाकडे जाईल किंवा संरक्षणाकडे, दोन्हीकडे सारखं जात नाही. आपली गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते म्हणून तिला नावं ठेवणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा. उन्हात, उकिरड्यावर, गोचीड-जंतांशी झगडत ती तगून राहते, यात तिच्या जनुकांचा वाटा आहे. म्हाताऱ्या बायकांच्या वाक्यातला खरा भाग तो हा.

पण काही रोगांपुढे हा वाटा पुरत नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला निघाला. लाखो पाखरं मारावी लागली. जानेवारी 2021 मध्ये परभणीच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या, तोही बर्ड फ्लूच. बदक या विषाणूतून पुष्कळदा वाचतं, कोंबडी वाचत नाही. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी 2010 मध्ये त्याचं एक कारण दाखवलं. विषाणू पेशीत शिरल्याची वर्दी देणारं रिग-आय हे जनुक बदकाकडे आहे, कोंबडीच्या वंशातून ते कधीच हरवलं आहे. हरवलेलं जनुक निवडीनं परत येत नाही. म्हणून ब्रिटनमध्ये 2023 मध्ये दुसरी वाट धरली गेली. विषाणूला वाढण्यासाठी कोंबडीचं एएनपी-32-ए हे प्रथिन लागतं, त्याच्या जनुकात दोन ठिकाणी बदल केले. विषाणूची थोडी मात्रा दिली तेव्हा दहातली नऊ पाखरं सुटली. मात्रा खूप वाढवली तेव्हा निम्म्यांना लागण झाली आणि विषाणूनं स्वतःत बदल करून त्याच कुळातली दुसरी प्रथिनं वापरायला सुरुवात केली. विषाणूची पिढी काही तासांची असते, कोंबडीची सहा महिन्यांची. ही शर्यत एका जनुकावर जिंकता येणार नाही.

लसीचंही तसंच आहे, ते लपवायचं कारण नाही. मरेकची लस कोंबडीला मरू देत नाही, पण विषाणू पसरायचा थांबत नाही. 2015 मध्ये अँड्र्यू रीड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एरवी कोंबडीला लगेच मारून स्वतःही संपणारे जहाल प्रकार लस दिलेल्या कळपात टिकून पसरू शकतात. यावरून लस सोडा असा अर्थ कोणी काढू नये. लस न घेतलेल्या कोंबडीला तर तिथे मरणच आहे. लसही हवी आणि रक्तातली ताकदही हवी, इतकंच त्यातून कळतं.

कडकनाथबद्दल मात्र राग आल्याशिवाय राहत नाही. झाबुआची ही कोंबडी उत्तम आहे, 2018 मध्ये तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं, सगळं खरं. पण तिचा काळा रंग येतो तो विसाव्या गुणसूत्रावर एका तुकड्याची नक्कल झाल्यामुळे, आणि प्रतिकारशक्तीचा बी गट आहे सोळाव्या गुणसूत्रावर. काळी म्हणून तिला रोग होत नाही, हे कोणत्याही शास्त्रात बसत नाही. तरी ते सांगून पिल्लं विकली गेली. 2019 मध्ये कडकनाथच्या नावावर राज्यभरातल्या शेतकऱ्यांची केवढी फसवणूक झाली, ते सगळ्यांना आठवत असेल. आमच्या भागातही त्या काळात शेड उभे राहिले, मानमोडीची लस न देता.

आपल्या देशी कोंबड्यांत नेमकं काय आहे, हे बघायचं काम सुरू आहे. बी गटाच्या आत एलईआय-0258 नावाची एक जनुकीय खूण आहे. ती तपासली की त्या पाखराकडे बी गटाचं कोणतं रूप असावं याचा अंदाज येतो. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं काही देशी जातींमध्ये ती तपासली आणि बरीच वेगवेगळी रूपं आढळली. घाना आणि टांझानियातल्या गावठी कोंबड्यांना मानमोडीचा विषाणू देऊन कोणती पाखरं तो लवकर आवरतात याचा अभ्यास झाला. त्यात हा गुण काही अंशी आनुवंशिक निघाला, पण अनेक जनुकांत विखुरलेला. मला यातून एकच गोष्ट ठळक दिसते. आपली संपत्ती एखाद्या पाखरात नाही, पाखरं एकमेकांपेक्षा वेगळी आहेत यात आहे. रोग बदलला तरी कोणाची ना कोणाची खाच त्याला बसेल.

आणि नेमकी हीच विविधता आपण गमावतो आहोत, तीही अगदी घरगुती कारणानं. वजनदार, तुरेदार कोंबडा सगळ्यात आधी जातो. आखाडी आली, नवस आला, जावई आला, की तोच. मागे उरतो तो बारका, ज्याला गिऱ्हाईक नाही, आणि पुढच्या पिल्लांचा बाप तो. एक कोंबडा आठ-दहा कोंबड्यांना पुरतो, म्हणजे अख्ख्या गल्लीच्या पिल्लांत निम्मी जनुकं त्या एकाची. तोच दोन-तीन वर्षं राहिला की स्वतःच्या लेकींवर पडतो आणि बी गटाच्या दोन वेगळ्या प्रतींऐवजी एकसारख्या दोन प्रती घेऊन पिल्लं जन्मतात. दुसरीकडे योजनांतून वनराजा, गिरिराजा या सुधारित जातींची पिल्लं येतात. मी स्वतः ती वाटते आणि अंडी-मांस वाढतं म्हणून त्यांच्या बाजूनं आहे. पण गल्लीतले सगळे कोंबडे तेच झाले, तर जुनं रक्त दोन पिढ्यांत बरंचसं निघून जाईल. 2019 च्या पशुगणनेत देशातल्या 85 कोटी पाखरांपैकी जवळपास 32 कोटी परसातली निघाली आणि आधीच्या गणनेपेक्षा ती जवळपास 46 टक्क्यांनी वाढलेली होती. संख्या वाढते आहे, पण त्यातली किती विविधता टिकली आहे, ते त्या आकड्यात दिसत नाही.

म्हणून लस टोचताना मी हल्ली बायकांशी कोंबड्याचंही बोलते. "बाई, हा इकू नोका," असं नुसतं सांगून चालत नाही, पैशाची अडचण खरी असते. मी सांगते, मानमोडी येऊन गेली आणि एखादा कोंबडा लस नसताना तगला, तर निदान एक रवण त्याच्या वंशाची निघू द्या, मग विका. खुडूक कोंबडीखाली एकाच घरची अंडी ठेवू नका, दोन-तीन घरची मिसळा. वर्ष-दीड वर्षानं कोंबडा बदला आणि बदलताना शेजारचा घेऊ नका. जानेफळचा घ्या, देऊळगाव माळीचा घ्या, लेकीच्या सासरचा घ्या. आणल्यावर पंधरा दिवस वेगळ्या डालग्याखाली ठेवा, लस टोचून घ्या आणि मगच कोंबड्यांत सोडा.